फिरणारं चक्र आणि दोनदा भरलेलं बिल

वाचकाचं पत्र :

“ताई, मी मंगळवार पेठेत राहते. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलानं चांगला मोबाइल घेऊन दिलाय. व्हॉट्सॲप, फोटो, भजनं एवढं मला नीट जमतं. पण अलीकडे चार गोष्टी अशा झाल्या की मोबाइलला हात लावायची धास्तीच बसली. वीजबिल भरताना ते चक्र फिरत राहिलं, वाट बघून परत बटण दाबलं, तर दोनदा पैसे गेले. घरच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज एका संकेतस्थळावर भरत होते, मध्येच गॅसवरचं दूध बघायला उठले, येऊन बघते तर सगळा अर्ज कोरा. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या सहलीची यादी कुणीतरी मोबाइलवर पाठवली होती, ती नुसती उघडून बघताना माझ्या हातून दोन नावं उडाली आणि सगळ्यांच्याच मोबाइलवर उडाली. मी तर काही सेव्हसुद्धा केलं नव्हतं! त्यात जुनं कपाट विकायला काढलंय. घेणारा म्हणतो, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा. नातवाला विचारलं की तो ‘आजी, रिफ्रेश मार की’ म्हणतो आणि मोबाइल हातातून ओढून घेतो. हे सगळं आतून चालतं कसं, हे कुणी मला समजावून सांगेल का? की एखादा क्लास लावू?”
– एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर :

बाई, नमस्कार.

आधी घाईचं सांगते. कपाट घेणाऱ्यानं पाठवलेला कोड स्कॅन करू नका. का, ते खाली येईलच. पण हे वाचून होईपर्यंत त्याचा परत फोन आला, तर ‘रोख घेऊन या आणि कपाट न्या’ एवढंच सांगून ठेवून द्या.

आता मूळ प्रश्न. तो मला फार आवडला. ‘कुठलं बटण दाबू’ असं बहुतेक जण विचारतात, तुम्ही ‘आतून चालतं कसं’ असं विचारलंत. बटणं काय, दर दोन महिन्यांनी जागा बदलतात. आतली रीत मात्र बरीच वर्षं तीच आहे, आणि ती एकदा कळली की कुठलंही नवीन ॲप समोर आलं तरी माणूस गांगरत नाही.

त्यातली अर्धी रीत तुम्हाला आधीच येते. व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला आणि नेट नसलं की निरोपाच्या कोपऱ्यात छोटं घड्याळ दिसतं. म्हणजे निरोप अजून तुमच्याच मोबाइलमध्ये आहे. मग एक टिक येते, म्हणजे तो तुमच्याकडून निघाला. दोन टिका आल्या की समोरच्याच्या मोबाइलवर पोचला. घड्याळ दिसत असताना ‘पोचला बरं का निरोप’ असं तुम्ही कधी कुणाला सांगत नाही. हाच हिशेब बाकी सगळीकडे लावायचा आहे. बिल असो, अर्ज असो, एसटीचं नाहीतर रेल्वेचं तिकीट असो, प्रत्येक वेळी दोन जागा असतात. एक तुमच्या हातातला पडदा. दुसरी म्हणजे लांब कुठेतरी असलेला त्या कंपनीचा किंवा खात्याचा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात. खरी नोंद तिकडं असते. पडदा हे तुमचं पासबुक समजा. त्यात शेवटची एंट्री मारली तोवरचं दिसतं, खातं मात्र बँकेच्या वहीत असतं.

तुमच्या पहिल्या तिन्ही अडचणी या दोन जागांमधल्या अंतरातून आल्या आहेत. व्हॉट्सॲप घड्याळ आणि टिका दाखवून ‘निरोप आत्ता कुठं आहे’ हे सांगतं. बाकीची बरीच ॲप्स तेवढीही तसदी घेत नाहीत, आणि मग माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

अर्ज आणि यादी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा, कारण खरी गोम तिथंच आहे. अर्ज भरताना तुम्ही लिहिलेलं अक्षरन् अक्षर तुमच्या मोबाइलमध्येच होतं. खालचं ‘सबमिट’ किंवा ‘पुढे जा’ दाबेपर्यंत सर्व्हरला त्याचा पत्ताच नव्हता. तुम्ही दूध बघायला गेलात तेवढ्यात एकतर लॉगिनची मुदत संपली असेल, नाहीतर मोबाइलनं जागा मोकळी करायला ते पान मागच्या मागं बंद केलं असेल. तुम्ही आल्यावर मोबाइलनं ते पान सर्व्हरकडून पुन्हा मागवलं. सर्व्हरकडं होता कोरा अर्ज. त्यानं कोरा पाठवला.

सहलीच्या यादीचं बरोबर उलटं झालं. एकाच वेळी अनेकांनी भरायची ती फाइल, बहुधा गूगल शीट्सची. तिथं सेव्ह नावाचं बटणच नाही. वाचता वाचता बोट एखाद्या चौकोनावर टेकलं, कीबोर्ड वर आला, तो घालवायच्या गडबडीत खोडायची कळ लागली, की ते खोडणं लगेच सर्व्हरवर जातं आणि तिथून ज्यांनी ज्यांनी यादी उघडली आहे त्या सगळ्यांच्या पडद्यावर. म्हणजे एका ठिकाणी बटण दाबल्याशिवाय काहीच जात नाही आणि दुसऱ्या ठिकाणी बटण न दाबताच सगळं जातं. आणि दिसायला दोन्ही सारखीच! पांढरं पान, चौकोन, खाली कीबोर्ड. बाई, यात तुमचं वय, तुमचं शिक्षण यांचा काही संबंध नाही. दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच तोंडवळा देणाऱ्यांचा हा दोष आहे, आणि तो मी त्यांच्याच पदरात घालते.

उडालेली दोन नावं परत आणता येतात, त्याची काळजी करू नका. अशा फाइलमध्ये जुनी प्रत पुसली जात नाही. कुणी कधी काय बदललं याचा इतिहास सर्व्हरवर राहतो. यादी ज्यानं केली त्यानं ती संगणकावर उघडावी, ‘फाइल’मध्ये ‘व्हर्जन हिस्ट्री’ उघडून आदल्या दिवशीची प्रत परत आणावी. पण त्यानंतर कुणी नवी नावं घातली असतील तर जुनी प्रत आणताना ती जातील, म्हणून इतिहासात बघून ती दोन नावंच हातानं लिहिलेली बरी. आणि यादी करणाऱ्याला एक हक्कानं सांगा. ज्यांनी फक्त वाचायचंय त्यांना ‘व्ह्यूअर’ म्हणून पाठवा, ‘एडिटर’ म्हणून नको. मग बोट कुठंही लागलं तरी काही हलत नाही.

अर्जासाठी मात्र सवय लावून घ्यावी लागेल. मोठा मजकूर आधी मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायचा आणि तिथून कॉपी करून अर्जात चिकटवायचा. रेशनकार्ड, आधार, तलाठ्याचा अहवाल, जे काही जोडायचंय त्याचे फोटो आधीच काढून एका फोल्डरमध्ये ठेवायचे, म्हणजे मध्येच उठून कपाट धुंडाळावं लागत नाही. आणि कुठं ‘मसुदा जतन करा’ किंवा ‘सेव्ह ड्राफ्ट’ दिसलं तर प्रत्येक टप्प्यावर ते दाबायचं. ते दाबलं की तेवढा भाग तिकडच्या वहीत गेला.

अर्जाची आणि यादीची अशा या दोन तऱ्हा कुठून आल्या, हे थोडक्यात सांगते. इंटरनेटवरची पानं, म्हणजे वेब, टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत उभं केलं आणि १९९१ मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं. शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रं वाचता यावीत ही त्यामागची गरज. त्यामुळे सुरुवातीची रीत साधी होती. तुम्ही पान मागायचं, तिकडून पान यायचं, की संबंध संपला. पुढचं काही हवं तर पुन्हा अख्खं नवीन पान. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा आली आणि आलेल्या पानाला तुमच्याच संगणकावर थोडी हालचाल करता यायला लागली. मग फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं. त्याआधी नकाशा पूर्वेला सरकवायचा तर बाण दाबायचा, पडदा पांढरा व्हायचा आणि नवीन नकाशा हळूहळू उतरायचा. गूगलच्या नकाशात तुम्ही बोटानं ओढलं की बिंदू चौकातून शाहूपुरीत सरळ घसरत जाता, पान तेच राहतं. आतल्या आत ते पान सर्व्हरला ‘पुढचा तुकडा दे, पुढचा तुकडा दे’ असं सांगत असतं. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट या अमेरिकी माणसानं या पद्धतीला ‘अजॅक्स’ असं नाव दिलं. तेव्हापासून पान हे नुसतं वाचायचं राहिलं नाही. ते उघडं असेपर्यंत मागच्या बाजूनं सर्व्हरशी बोलत राहतं. तुमचा दाखल्याचा अर्ज जुन्या चालीचा होता आणि सहलीची यादी नव्या.

हे बोलणं डोळ्यांनी बघायचं असेल तर गूगलच्या चौकोनात ‘अंबाबाई’ लिहायला घ्या. अगदी सावकाश, एकेक अक्षर. ‘अंब’ झालं की खाली यादी उतरते, त्यात अंबा घाट असेल, आंबोळीही असेल. ‘अंबाबा’ झालं की यादी बदलून मंदिर, दर्शनाच्या वेळा असं काहीबाही येतं. तुम्ही अजून शोधायचं बटण दाबलेलं नाही. तुम्ही पूर्वी कधी शोधलेलं मोबाइलच्या आठवणीतूनही येतं, पण बाकीची यादी तिकडून आली, आणि ती आली याचा अर्थ तुमची अक्षरं तिकडं गेली. म्हणून शोधायच्या चौकोनात आधार नंबर, पिन, खातं नंबर असलं काही कधीही लिहू नये, आणि चुकून लिहिलं तर ‘मी कुठं बटण दाबलंय’ असा धीर धरू नये.

आता त्या फिरणाऱ्या चक्राकडे वळू. चक्र फिरतंय याचा अर्थ इतकाच, की तुमच्या मोबाइलनं काहीतरी विचारलंय आणि उत्तर आलेलं नाही. उत्तर का आलं नाही, हे चक्रालाही ठाऊक नसतं. यूपीआयवरून बिल भरताना तुमचं म्हणणं आधी ॲपकडे जातं, तिथून यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून तुमच्या बँकेकडे, मग पैसे घेणाऱ्याच्या बँकेकडे, आणि तशाच वाटेनं ‘झालं’ हा निरोप परत येतो. यात तीन शक्यता असतात. तुमचं म्हणणं निघालंच नाही. किंवा निघालं, पण मध्येच कुठंतरी अडकलं. किंवा सगळं रीतसर पार पडलं, पैसे पोचले, फक्त ‘झालं’ हा निरोप परत येताना तुमच्या घरातलं नेटवर्क गेलं. पडद्यावर तिन्ही वेळा तेच चक्र! तुमच्या बाबतीत तिसरं घडलं. पहिलं बिल भरून झालेलं होतं. तुम्ही परत बटण दाबलंत, सर्व्हरनं ती नवीन ऑर्डर समजून दुसऱ्यांदा भरलं. चांगल्या सेवा प्रत्येक व्यवहाराला आतून एक खूण लावून ठेवतात, त्यामुळे तोच व्यवहार दुसऱ्यांदा आला तर त्यांना ओळखू येतो. पण सगळीकडे ती सोय असेलच असं धरू नका.

तेव्हा चक्र लांबलं की बटणाकडे बघायचंच नाही, तिकडच्या वहीकडे बघायचं. बँकेचा एसएमएस आलाय का? ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत काय लिहिलंय? ‘यशस्वी’ असेल तर १२ अंकी संदर्भ क्रमांक दिसतो, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ‘अयशस्वी’ असेल तर पुन्हा भरायला हरकत नाही. ‘प्रलंबित’ किंवा ‘पेंडिंग’ असेल तर अजिबात पुन्हा भरू नका, दुसऱ्या ॲपवरूनही नको. खात्यातून पैसे गेले आणि समोर पोचलेच नाहीत, तर ते आपोआप परत यायला रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत ठरवून दिली आहे. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला पाठवलेल्या यूपीआयच्या पैशांना व्यवहारानंतरचा एक दिवस, दुकानदाराला किंवा कंपनीला दिलेल्या पैशांना पाच दिवस. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. बिलाची शेवटची तारीख तोंडावर आली असली तरी हे लक्षात असलं की जीव घाबरा होत नाही.

तुमचे दोन्ही व्यवहार मात्र यशस्वी झालेत, त्यामुळे हा नियम तुम्हाला लागू होत नाही, आणि बँक ते पैसे आपणहून परत करणार नाही. वीजबिलात जादा भरलेली रक्कम साधारणपणे पुढच्या बिलात वळती होते. पुढचं बिल आलं की ते बघा. नसेल दिसत, तर दोन्ही संदर्भ क्रमांक आणि ग्राहक क्रमांक लिहून वीज कार्यालयात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

नातू म्हणतो त्या ‘रिफ्रेश’चा अर्थही आता तुम्हाला कळेल. पान सर्व्हरकडून नव्यानं मागवणं, एवढंच ते आहे. वाचायच्या पानावर ते बिनघोर करावं. पैसे भरताना किंवा अर्ज पाठवताना करू नये. तशा वेळी ब्राउझर, म्हणजे संकेतस्थळं उघडायचं ॲप, कधीकधी ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का’ अशा अर्थाचं इंग्रजीत विचारतो. नाही म्हणायचं.

वाचायच्या पानावर रिफ्रेश करणं किती मोलाचं आहे, हे कोल्हापूरच्या माणसाला जुलैत कळतं. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की घरोघरी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघणं सुरू होतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण सकाळी उघडलेलं पान संध्याकाळपर्यंत तसंच उघडं असलं, तर त्यावरचा आकडा बऱ्याचदा सकाळचाच असतो. काही पानं स्वतःहून नवा आकडा आणतात, काही आणत नाहीत, आणि बघून ते ओळखू येत नाही. ग्रुपवर फिरणारा स्क्रीनशॉट तर मेलेलाच. तो घेतल्यानंतर नदी दोन फूट चढली असेल किंवा उतरली असेल. आकड्याशेजारी वेळ लिहिली आहे का, हे आधी बघायचं. वेळ नसेल तर पान नव्यानं मागवायचं, आणि स्क्रीनशॉटवर वेळ नसेल तर तो पुढे पाठवायचा नाही. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या गावात मला ही गोष्ट बिलापेक्षाही महत्त्वाची वाटते. नदीकाठच्या गल्लीत सामान कधी उचलायचं, हे अशा आकड्यावर ठरतं.

लॉगिनची मुदत संपते म्हणाले, त्याचं कारण एका वाक्यात. सर्व्हर स्वभावतःच विसराळू आहे, प्रत्येक मागणी त्याला नव्यानं आल्यासारखी वाटते, म्हणून तुमची ओळख पटवणारी एक छोटी नोंद तो तुमच्याच मोबाइलमध्ये ठेवून देतो, तिला कुकी म्हणतात. बँकेच्या आणि सरकारी संकेतस्थळांवर ती मुद्दाम थोड्या मिनिटांत बाद होते, म्हणजे तुम्ही मोबाइल कुठं विसरलात तर दुसऱ्याला घुसता येऊ नये. काही संकेतस्थळं ‘कुकीज स्वीकारा’ म्हणून पाटी दाखवतात, तिथं ‘फक्त आवश्यक’ असा पर्याय असेल तर तो निवडा. बाकीच्या कुकीज बहुतेक तुम्ही काय काय बघता यावर नजर ठेवायला असतात. आणि ती वेडीवाकडी अक्षरं ओळखायला सांगतात, ती परीक्षा तुमची नाही. माणसाच्या नावानं अर्जांचा मारा करणारे प्रोग्रॅम अडवायला ती असतात. वाचता आली नाहीत तर शेजारचा गोल बाण दाबा, दुसरी येतात.

आता ते कपाट.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. कुणी तुम्हाला पैसे पाठवले तर ते तुम्ही झोपलेल्या असताना, मोबाइल बंद असतानासुद्धा खात्यात येऊन पडतात. तुम्ही कोड स्कॅन करता तेव्हा मोबाइल पैसे देण्याची तयारी करतो. कोडमध्ये समोरच्याचं खातं असतं, कधीकधी रक्कमही आधीच भरलेली असते, आणि पिन टाकला की तुमच्या बँकेला तुमची सही मिळाली. बँकेच्या दृष्टीनं मग त्यात फसवणूक दिसत नाही, कारण पिन बरोबर होता. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातही हेच म्हटलेलं होतं. आपल्या हातानं पिन किंवा ओटीपी दिला गेला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. हे वाचून राग येतो मला. गोड बोलून एखाद्या वयस्क माणसाकडून पिन टाकवून घेणं आणि त्या माणसानं राजीखुशीनं पैसे देणं यात फरक आहे. पण सर्व्हरच्या वहीत दोन्हींची नोंद एकसारखीच होते, म्हणून सावध आपणच असायचं.

हे लोक पुढची चाल काय खेळतील तेही सांगून ठेवते. आधी ते खरोखरच पाच-दहा रुपये पाठवतात, म्हणजे विश्वास बसावा. मग म्हणतात, आता मोठी रक्कम, हा दुसरा कोड. तुम्ही नाही म्हणालात की ‘मी सैन्यात आहे, आमच्याकडे असंच पेमेंट होतं’ असं काहीतरी. तेही जमलं नाही तर ‘मी मदत करतो, हे ॲप टाका’ म्हणून तुमचा पडदा त्यांना दिसेल असं ॲप घालायला लावतात. मग तुमचे एसएमएस, ओटीपी सगळं ते तिकडं बसून वाचतात. यातल्या कुठल्याही पायरीवर फोन ठेवून देता येतो, आणि तसं करणं उद्धटपणा नव्हे. तुम्ही जन्मभर पोरांशी आणि पालकांशी नीट बोलत आलात, फोन असा मध्येच ठेवणं तुम्हाला जड जाईल. तरी ठेवा.

देव न करो, पण कधी पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर आहे. फोन जितका लवकर, तितकी ते पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. मुलगा संध्याकाळी घरी येईल, मग बघू, असं करू नका. त्याच वेळी बँकेलाही कळवा.

‘आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असे एसएमएसही येतात. दोनदा बिल भरून धास्तावलेला माणूस त्याला सहज बळी पडतो, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतेय. असा एसएमएस आला की त्यातल्या नंबरला आणि लिंकला हात लावायचा नाही. आपलं नेहमीचं ॲप उघडून बिल बाकी आहे का तेवढं बघायचं.

लिंक उघडावीच लागली तर वरच्या पट्टीतला पत्ता शेवटाकडून वाचायला शिका. सुरुवातीला ‘https://’ दिसलं तर ते सोडून द्या, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडे जो शेवट आहे, तो खरा मालक सांगतो. बहुतेक सरकारी संकेतस्थळांचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असतो आणि तो खासगी माणसाला मिळत नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट राखून ठेवलाय आणि सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडं जायला सांगितलं होतं. हे शब्द पत्त्याच्या मध्येच कुठंतरी घुसवलेले असतील तर ते फसवायला. कुलपाच्या चित्रावर मात्र जाऊ नका. कुलूप म्हणजे वाटेत कुणी तुमचं बोलणं ऐकत नाही एवढंच. पलीकडे कोण बसलंय याची हमी ते देत नाही, भामट्यांच्या पानालाही कुलूप असतं. गूगलच्या क्रोम या ब्राउझरनं तर २०२३ मध्ये ते चित्र पत्त्याच्या पट्टीतून काढूनच टाकलं.

क्लास लावायचा तर खुशाल लावा, पण त्याआधी घरच्या घरी एक करता येईल. तुमच्या माहेरचा किंवा सासरचा कुठं जमिनीचा तुकडा असेल ना? करवीर, पन्हाळा, कागल, कुठंही. त्याचा सातबारा महाभूमीच्या भूलेख संकेतस्थळावर फुकट बघता येतो. विभाग पुणे, जिल्हा कोल्हापूर, मग तालुका, गाव आणि गट नंबर. मोबाइल नंबर आणि ती वेडीवाकडी अक्षरं घालावी लागतात, तेवढंच. हे वाचायचं पान आहे. तिकडच्या वहीत तुम्ही काहीच लिहीत नाही, त्यामुळे चुकीचं गाव निवडलं, मध्येच मागे गेलात, तीनदा रिफ्रेश केलंत, तरी कुणाचंही काही बिघडत नाही. नातवाला शेजारी बसवा, पण मोबाइल तुमच्या हातात राहील अशी अट घाला, आणि प्रत्येक वेळी त्याला एकच विचारा : आत्ता जे दिसतंय ते तिकडून आलंय, की अजून इथंच आहे? त्याला उत्तर देता आलं नाही तर दोघं मिळून शोधा.

हे दोन-चारदा झालं की मग सहीचा सातबारा काढायला घ्या. बघायला मिळतो तो फक्त माहितीसाठी, कार्यालयात चालतो तो डिजिटल सहीचा, आणि त्याचे १५ रुपये पडतात. तिथं पैसे भरायचं पान येईल. चक्र फिरेल. बटण परत दाबू नका, बँकेचा एसएमएस बघा.